येमा लेब्बीचा डावा कान

बांदाहुन गावच्या बाया नर्स येमा लेब्बीच्या हातांपेक्षा तिच्या कानावर जास्त भरवसा ठेवायच्या. हात काय हो, शिकलं की कुणाचेही बसतात. कान मात्र येमाचाच. पोटावर लाकडी नळी टेकवायची, नळीच्या दुसऱ्या तोंडाला डावा कान लावायचा, घड्याळ डोळ्यांसमोर धरून बाळाच्या काळजाचे ठोके मोजायचे आणि मिनिटभरात सांगून मोकळं व्हायचं: बाळ झोपलंय, जागं आहे, दमलंय, की आत्ताच्या आत्ता केनेमाच्या मोठ्या इस्पितळात न्यायला हवं. एकोणीस वर्षं हे असं चाललं होतं. मध्ये एकदा जिल्ह्याहून बॅटरीवरचं यंत्र आलं होतं. आठ महिन्यांत ते बिघडलं आणि कपाटात गेलं, आणि खरं सांगायचं तर कुणाला त्याची आठवणही झाली नाही. येमा होती ना.

ऐकायची एक रीत होती. बाईच्या उजव्या अंगाला उभं राहायचं आणि वाकताना तोंड तिच्या पायांकडे करायचं. म्हणजे डावा कान नळीला लागतो आणि आपला चेहरा बाईला दिसत नाही. शिकताना पहिल्याच आठवड्यात सांगितलेली गोष्ट. नळीतून जे कळतं ते तोंडावर उमटतंच, आणि पोटुशी बाई तुमची भुवई हलली तरी वाचते. आधी आपण नीट ऐकावं, मग तिला काय सांगायचं ते सांगावं. येमाने हीच रीत बोईला शिकवली. बोई म्हणजे आरोग्य केंद्रातली तिची धाकटी जोडीदारीण, चोवीस वर्षांची, तोंडाने फटकळ आणि कामाला वाघीण.

तर दोन कोरड्या हंगामांपूर्वीची गोष्ट. हिऱ्यांच्या खाणीकडून एक बाई आली. सातवा महिना, अंगात ताप, घसा सुजलेला, खालून रक्त. हातमोज्यांचा डबा रिकामा होऊन तीन आठवडे झाले होते. येमाने पावाच्या प्लास्टिकच्या पिशव्या हातांना बांधल्या आणि कामाला लागली. आता कुणी म्हणेल, जाणत्या बाईने असं करावं का? म्हणणाऱ्याने एकदा त्या खाटेशी उभं राहून दाखवावं. बाई गेली, मूलही गेलं, आणि बाराव्या दिवशी येमा तापाने फणफणली.

लासा ताप आमच्याकडे नवा नाही. घरात उंदीर शिरतात, उघड्या तांदळात मुतून जातात, तिथून तो माणसाला धरतो, आणि धरलेल्या माणसाच्या रक्तातून दुसऱ्याला. केनेमाच्या वॉर्डात येमाला वेगळं ठेवलं, दहा दिवस सुया टोचल्या. तिचा नवरा लहाई, गावच्या शाळेतला मास्तर, खिडकीबाहेर आंब्याखाली बसून राहिला. आत जायची बंदी, म्हणून फळ्यावर लिहितो तसं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून काचेला लावायचा. 'मी जेवलो', 'कोंबडीने अंडी घातली', असलं काहीबाही. येमा वाचली. त्या महिन्यात त्या वॉर्डात दाखल झालेल्या नऊजणांतली ती चौथी वाचलेली.

घरी सोडायच्या दोन दिवस आधी सकाळी ती नर्सला म्हणाली, तो जनरेटर बंद करा की जरा, डोकं उठलंय. नर्स म्हणाली, कुठला जनरेटर? येमाने उशीत तोंड खुपसलं, कानांवर हात दाबले. आवाज जसाच्या तसा. कूंऽऽ असा एकसारखा, चढत नाही, उतरत नाही, श्वास घ्यायला थांबत नाही. डाव्या बाजूला होता, आणि त्याच बाजूला डॉक्टरांनी घड्याळ धरलं तेव्हा तिला टिकटिक ऐकू आली नाही.

डॉक्टर खरं बोलणारा माणूस होता. म्हणाला, लासातून उठलेल्या बऱ्याच जणांचं असं होतं. ताप उतरतो आणि बरं वाटायला लागतं, नेमका तेव्हाच कान जातो. विषाणूच कानाच्या नसा खातो, की त्याच्याशी लढताना आपलंच शरीर आपल्या कानावर उठतं, हे अजून कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दुसऱ्या तापांनंतरही काहींना असा आवाज लागतो. काहींचा हळूहळू कमी होतो, काहींचा राहतो. दोन महिन्यांनी कान तपासायला या, तोवर कानात काही घालू नका, मी जिल्ह्याच्या कचेरीला चिठ्ठी देतो.

चिठ्ठी म्हटल्यावर येमाचे कान टवकारले, निदान एक तरी. कचेरीला कळलं की काय होतं ते तिला पाठ होतं. दारू नावाच्या गावची एक नर्स डोळ्यांनी अधू झाली, तर तिला लसीकरणाच्या वहीवर बसवलं. सहा वर्षं झाली, ती अजून रेघा ओढते आहे. येमाने चिठ्ठी घेतली, आभार मानले आणि मोटारीत बसल्यावर तिचे चार तुकडे करून खिडकीबाहेर सोडले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

गावात तिच्यासाठी कोंबडं कापलं, शेंगदाण्याचं कालवण आणि भात झाला, बाया नाचल्या. त्या गोंगाटात तिला फार बरं वाटलं, कारण गोंगाटात तो आवाज बुडतो. गोंगाट संपला की तो परत यायचा, वेळ न चुकवणाऱ्या पाहुण्यासारखा.

मग सुरू झाले उपाय. लहाईला तिने आवाजाचं सांगितलं होतं, बहिरेपणाचं नाही. त्याच्या मावशीने कोमट पाम तेलात लसूण टाकून थेंब घातले, आत फोड आला आणि आठ दिवस पू वाहिला. बाजारातल्या औषधवाल्याने कानाच्या म्हणून लाल गोळ्या दिल्या, त्यांनी फक्त लघवी लाल झाली. चर्चमधल्या एका बाईने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि लहाई मुसलमान असूनही बाजूला उभा राहून आमेन म्हणाला. कुणी म्हणालं, कानात चेटकिणीचा पक्षी बसलाय. लहाई म्हणायचा, "पक्षी असता तर एव्हाना तुझी बोलणी खाऊन उडून गेला असता." ती हसायची. मग दिवसभर कसावाचे कंद किसायच्या यंत्राजवळ जाऊन बसायची, कारण त्याच्या धडधडीत काही ऐकू येत नसे, आणि संध्याकाळी आवाज दुप्पट होऊन घरी यायचा. उपाय शोधायचे तिथे ती स्वतःच आग लावत होती, पण सांगणार कोण? सांगायला आधी तिने कुणाला विचारायला हवं होतं.

आणि काम? काम तिने सोडलं नाही. पोट हातांनी चाचपायचं, बाळाची पाठ कुठे आहे ते बोटांनी शोधायचं, हालचाल किती ते बाईकडून काढून घ्यायचं, आणि मग नळी. नळीतून येणारे ठोके आता धबधब्यापलीकडून कुणी हाक मारावी तसे यायचे. बहुतेक वेळा मिळायचे. मिळायचे असं तिला वाटायचं तरी. उजवा कान धडधाकट होता, मग तो का लावला नाही? त्यासाठी उलटं वाकायला हवं, तोंड बाईच्या तोंडाकडे करून. एकोणीस वर्षं एका बाजूला वाकणारी बाई एके दिवशी फिरून वाकली, की बोई विचारणार, बाया विचारणार, बाजारापर्यंत बातमी जाणार. नाही म्हणजे नाही. येमा हट्टाला पेटली होती, आणि त्या हट्टाखाली भीती होती. नळी गेली तर आपण कोण, याचं तिच्याकडे उत्तर नव्हतं.

यंदाच्या फेब्रुवारीतला गुरुवार. गुरुवारी गरोदर बायांची तपासणी असते. बोई लस आणायला केनेमाला गेली होती. तीन मैलांवरच्या वाडीवरून तेनेह चालत आली. तेनेहची आधीची दोन बाळं पोटातच गेली होती, हे तिसरं, आठवा महिना भरत आलेला. इथल्या बाया येमाला मामीच म्हणायच्या. तेनेह म्हणाली, मामी येमा, कालपासून गप्प आहे गं. लाथ नाही, वळणं नाही.

येमाने तिला झोपवलं, चाचपलं, नळी टेकवली, पायांकडे तोंड करून वाकली. कूंऽऽ. त्यापलीकडे काही नाही. नळी सरकवली. काही नाही. येमाच्या पाचावर धारण बसली. तेवढ्यात, मिळालं. धक धक धक, जवळ, स्पष्ट. तिने घड्याळ धरून मोजलं. एकशे सव्वीस. पोटातल्या बाळाला शोभेल असाच आकडा. तिचा जीव भांड्यात पडला. वहीत लिहिलं, 'एकशे सव्वीस, ठीक', आणि तेनेहला सांगितलं, गोड पाणी पी, डाव्या कुशीवर पड, बाळ झोपाळू आहे तुझं. तेनेह हसत गेली.

येमाने नळी धुतली, पुसली, खणात ठेवायला वाकली. धक धक धक. नळी हातात होती. खाटेवर कुणी नव्हतं. तरी ठोके चालूच होते, तिच्या डाव्या कानात, त्याच चालीत. तिने गळ्याच्या शिरेवर दोन बोटं ठेवली. बोटांखाली तेच. घड्याळ पाहिलं, एकशे वीस. घाबरलेल्या बाईचं काळीज तेवढं धावतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. म्हणजे मघाशी तिने तेनेहच्या बाळाचं काही ऐकलंच नव्हतं. तिने स्वतःची भीती मोजली होती आणि ती बाळाच्या नावावर लिहिली होती.

ती खाली बसली. किती वेळ ते तिलाही सांगता येत नाही. मनात एक विचार आला होता, तो तिने पुढे लहाईला सांगितला: बाळ झोपलेलंच असेल, कदाचित सगळं ठीकच असेल, आणि नसेल तर ते माझ्या ऐकण्याआधीच गेलेलं असेल, मग आता सांगून काय होणार? असा विचार करणारी बाई वाईट नसते. पण त्या विचारावर बसून राहिली तर होते. येमा उठली. ब्रिमाची भाड्याची मोटरसायकल चौकात उभी होती, तिच्यावर बसली आणि म्हणाली, वाडीवर चल, खड्डे बघू नकोस.

तेनेह अंगणात कसावाची पानं खुडत होती. सासू वूया उखळात भात कांडत होती. वूया म्हणजे सत्तरीची, काटक, जिभेला हाड नसलेली म्हातारी. येमाला बघून म्हणाली, काय गं नर्स, सकाळी हिला काही सांगायचं विसरलीस का? येमाने तिला कांडणं थांबवायला सांगितलं आणि तेनेहला आत नेऊन चटईवर झोपवलं.

या वेळी ती उलटी वाकली. तोंड तेनेहच्या तोंडाकडे, उजवा कान नळीला. घरात चिडीचूप झालं आणि त्या शांततेत डोक्यातला आवाज फुगत गेला, डावा कुठला आणि उजवा कुठला ते कळेना. नळीत काहीतरी होतं. ते बाळाचं, की तिचं, की तिला हवं होतं म्हणून आलेलं? तिने मान वर न करता पाहिलं. तेनेहचे डोळे तिच्यावर खिळले होते, वीतभर अंतरावर.

तेनेहने विचारलं, "मामी, तू माझ्याकडे तोंड का केलंस?"

येमाने नळी बाजूला ठेवली. तेनेह म्हणाली, "गेलं ना? हेही गेलं."

"तसं मी म्हटलं नाही." येमा सरळ बसली. "बाळाचं मला माहीत नाही. माझा कान गेलाय, तेनेह. लासा झाला तेव्हापासून. आत सारखा आवाज असतो, त्यात दुसरं काही नीट कळत नाही. सकाळी जो आकडा लिहिला तो तुझ्या बाळाचा नव्हता. माझ्या काळजाचा होता."

तेनेह रडली नाही, की ओरडली नाही. तिने पोटावर दोन्ही हात ठेवले, आणि ते येमाला रडण्यापेक्षा जड गेलं. दारात उभ्या वूयाच्या हातात अजून मुसळ होतं. क्षणभर येमाला वाटलं, आता ते आपल्या डोक्यात बसणार. बसलं असतं तरी तिने हात वर केला नसता.

वूया म्हणाली, "शिव्या मी नंतर देईन. आत्ता काय करायचं ते बोल."

आणि येमाच्या डोक्यात उजेड पडला. कान नसेल, पण एकोणीस वर्षं शिकलेले हात होते, मोजायला येत होतं. म्हातारीला मोजता येत नव्हतं, पण तिचे कान असे, की शेजारच्या वाडीवर भांडण झालं तरी इथे बसून कळे. येमाने बाळाची पाठ बोटांनी शोधली, तिथे नळी रोवली, वूयाला गुडघ्यांवर बसवलं आणि म्हणाली, "आजी, ऐकू आलं की तोंडाने सांगू नकोस. माझ्या तळहातावर बोटाने ठोक. ते जसं चालेल तसं."

म्हातारीने कान लावला. म्हणाली, वारा वाहतोय नुसता. येमाने नळी दोन बोटं खाली सरकवली. अजून वाराच. आणखी एक बोट आत. वूयाचा चेहरा बदलला. तिचं हाडकुळं बोट येमाच्या डाव्या तळव्यावर पडलं, मग पुन्हा, मग पुन्हा. दुसऱ्या हाताने येमाने तेनेहचं मनगट धरलं होतं. मनगटाची चाल वेगळी, तळव्यावरची वेगळी. म्हणजे म्हातारी आईचं ऐकत नव्हती, बाळाचंच ऐकत होती. येमाने घड्याळाकडे डोळे लावले.

अठ्ठ्याण्णव. पुन्हा मोजलं, चौऱ्याण्णव. जिवंत होतं, पण दमलं होतं, आणि फार वेळ तग धरणार नव्हतं.

पुढचं सगळं पळापळीचं. ब्रिमाच्या मागे तेनेह, तिच्या मागे तिला कवटाळून येमा, लाल धुळीच्या रस्त्यावरून मोठ्या सडकेपर्यंत. तिथून रुग्णवाहिका. केनेमात संध्याकाळच्या आत पोट कापून मूल काढलं. मुलगी. गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे, वजन जेमतेम दोन किलो. ती रडली, मांजरीएवढ्या आवाजात. येमाला ते रडणं ऐकू आलं नाही. तिने मागून येऊन पोचलेल्या तेनेहच्या नवऱ्याच्या तोंडावर ते पाहिलं आणि भिंतीला टेकून खाली बसली.

वूया शब्दाला पक्की निघाली. पुढच्या गुरुवारी सगळ्या पोटुशा बाया ओट्यावर बसल्या असताना ती तीन मैल चालत आली आणि सांगितल्याप्रमाणे शिव्या दिल्या. येमाच्या आईला, आजीला, तिला शिकवणाऱ्यांना, कुणाला सोडलं नाही. सगळं ओकून झाल्यावर तिथेच बसून पाणी मागितलं, प्यायली आणि म्हणाली, नात बरी आहे. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. कळायचं ते सगळ्या गावाला कळलं होतं.

तालुक्याहून आरोग्य अधिकारी वंडीसाहेब आले. माणूस सरळ होता, ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, कामावरून काढत नाही. पण यापुढे तू एकटीने ऐकायचं नाही. बोई ऐकेल, तुझ्या हातावर ठोकेल, तू मोजशील. पोटावर हात तुझाच राहील, तसा हात या तालुक्यात दुसरा नाही. कान तपासायला मुकाट्याने जायचं. आणि लासानंतर आजवर जेवढे ठोके तू एकटीने ऐकून लिहिलेस, त्या प्रत्येक आकड्यावर लाल शाईने आडवी रेघ मारायची. ते आकडे आता आकडे नाहीत.

केनेमात महिन्यातून एकदा राजधानीतून, फ्रीटाउनहून, कोंतेहबाई यायच्या, कानांची तपासणी करायला. त्यांनी येमाला कुठलंही गोड गाजर दाखवलं नाही. डाव्या कानाची ऐकण्याची ताकद फार थोडी उरली आहे, ती परत येणार नाही, म्हणाल्या. आवाज बंद करणारी गोळी जगात कुठेच नाही, कुणी विकत असेल तर तो चोर समजा. पण त्याचा जाच कमी करता येतो. पूर्ण शांततेत बसायचं नाही. घरात हलकासा आवाज असू द्यायचा, पंख्याचा, पाण्याचा, रेडिओचा, आतल्या आवाजाला झाकेल इतका मोठा नाही, सोबत देईल इतका. कसावाच्या यंत्राजवळ फिरकायचंही नाही, उजवा कान तेवढा उरलाय. तेल, लसूण, कान कोरणं बंद. आवाज वाढला की काय चाललं होतं ते आठवायचं: जागरण, चिडचिड, भीती? आणि चारचौघांना सांगून टाकायचं. लपवणाऱ्याचं अर्धं ध्यान दिवसभर त्या आवाजावरच पहारा देतं, मग तो मोठा होणार नाही तर काय. येमाने विचारलं, कधी सवय होते? कोंतेहबाई म्हणाल्या, बऱ्याच जणांना वर्षा दोन वर्षांत होते. काहींना होत नाही. आपण पुन्हा भेटू.

लहाईने खाटेजवळ मडकं टांगलं, तळाला बारीक भोक पाडून खाली पत्र्याचा डबा ठेवला. टप टप. शेजारी म्हणाले, मास्तरचं छप्पर गळतंय की काय कोरड्या दिवसांत. येमाला त्याने थोडा आराम पडला, थोडाच. काही दिवस बरे जात, काही दिवस ती सकाळीच डोकं धरून बसे आणि लहाईवर नाहक खेकसे. तो कारण विचारत नसे. आधी त्यालाही राग आला होताच, दोन वर्षं बायकोने आपल्यापासून लपवलं म्हणून. चार दिवस अबोला धरून झाला होता. पण मास्तर तो, किती दिवस गप्प बसणार?

मार्चच्या एका दुपारी येमा लाल पेन घेऊन वहीपुढे बसली. दोनशे अकरा नोंदी. पट्टी ठेवून ती एकेक रेघ मारत होती. बहुतेक नावांची पोरं गावात रांगत-धावत होती, त्या नावांपुढे रेघ मारताना हात अडत नव्हता. पानं उलटत ती मागच्या पावसाळ्यापर्यंत आली आणि तिथे अडली. मत्तू. लाकडं कापणाऱ्या जुसूची बायको. ऑगस्टमध्ये तपासून गेली, ठोके एकशे बत्तीस, ठीक. चौथ्या दिवशी मेलेलं मूल झालं. मुलगा.

दारात सावली पडली. मत्तूच होती. ती कशाला आली ते येमाला तिच्या तोंडावरून कळलं. गावात बातमी फुटल्यापासून येमा तिचीच वाट पाहत होती, आणि येऊ नये म्हणून देवाला विनवतही होती.

मत्तू येमाच्या उजव्या हाताच्या बाकावर बसली. त्या बाजूला बसलं म्हणजे येमाला ऐकू येतं, हे तिला कुणीतरी सांगितलेलं दिसलं. तिने विचारलं, "माझ्या वेळी कुणाचं ऐकलंस?"

येमाने खोटं बोलायचा विचार केला नाही असं नाही. बाळाचंच ऐकलं, तेव्हा ते ठणठणीत होतं, पुढे देवाची मर्जी, असं म्हटलं असतं तर दोघींनाही बरं गेलं असतं. "माहीत नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी वाटलं होतं, बाळाचं आहे. आता शपथ घेऊन सांगता येत नाही. मत्तू, ते ठोके माझेच असतील तर मी तुला केनेमाला पाठवायला हवं होतं. तेही राहिलं."

मत्तूने वही आपल्याकडे ओढली. तिला वाचता येत नव्हतं. "कुठलं ते?"

येमाने बोट ठेवलं. मत्तू त्या तीन आकड्यांकडे पाहत राहिली. वरच्या ओळींवरच्या लाल रेघा तिने पाहिल्या, येमाच्या हातातलं लाल पेनही पाहिलं.

"यावरही मारणार?"

"साहेबांनी सांगितलंय. सगळ्यांवर."

"याच्यावर नको मारू." मत्तूने वहीवर तळवा ठेवला. "त्याला नाव ठेवलं नव्हतं. रडला नाही म्हणून पुरतानाही कुणी नाव घेतलं नाही. त्याचं कुठे काही लिहिलेलं नाही, मामी. एवढंच आहे."

येमाने पेनाला टोपण घातलं. मत्तू तळवा उचलत नव्हती. बाहेर बोईने पुढच्या बाईला हाक मारली, पण येमाला ती ऐकू आली नाही.